नितळ पाणी, बिचकणारा बास आणि मऊ आमिष : नवख्यांसाठी

गढूळ पाण्यात बास मासा आमिष आधी अंगाने ओळखतो, डोळ्याने नंतर. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेला पाण्यातली थरथर कळते, मासा त्या दिशेने झेपावतो, आणि समोर नेमकं काय आहे याची खातरजमा करायला त्याला वेळच मिळत नाही. नितळ पाण्यात सगळं उलटं होतं. तो दुरून बघतो, मागे मागे येतो, वीतभर अंतरावर थांबतो आणि बरेचदा तोंड फिरवून निघून जातो. अशा वेळी नवखा माणूस आमिष बदलतो, रंग बदलतो, आणखी एक पाकीट विकत घेतो. माझं मत असं की, नितळ पाण्यातले बरेचसे मासे आमिष पाण्यात पडायच्या आधीच हातचे गेलेले असतात. जे उरतात ते आपल्या हाताला चैन पडत नाही म्हणून जातात. म्हणून इथे मऊ आमिषांच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या खोट्या भक्ष्यांच्या, यादीपेक्षा उभं कुठे राहायचं आणि थांबायचं किती, याला जास्त जागा दिली आहे.

सुरू करण्यापूर्वी, मासा कोणता ते बघून घ्या. लार्जमाउथ बासचा वरचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो. त्याला पाणवनस्पती, बुडालेली झाडं, धक्क्याखालची सावली आवडते. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो, अंगावर उभे पट्टे असतात, आणि तो दगडगोट्यांच्या तळावर जास्त रमतो. दोघेही मूळचे उत्तर अमेरिकेचे, पण आता इतर खंडांतल्या पाण्यातही सापडतात. स्मॉलमाउथ जास्त चौकस असतो. तो आमिषाचा पाठलाग लांबवर करतो, म्हणून नितळ पाण्यात नकार देताना तोच जास्त दिसतो. परवाना, बंदीचा हंगाम आणि किमान लांबी यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते आधी वाचून घ्या.

पायरी पहिली : पाण्यापासून लांब राहा

मासा खालून वर बघतो तेव्हा पाण्याबाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. मासा १ मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर ती साधारण सव्वादोन मीटर रुंद असते, २ मीटरवर असेल तर साडेचार मीटर. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य या गोलात कोंबलेलं असतं, आणि जे पाण्यालगत ठेंगणं आहे ते कडेच्या बारीक, अंधुक पट्टीत दाबलं जातं. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे येतं, ते माशाला नीट दिसत नाही. आता हिशेब करा. खिडकीच्या कडेपासून १० मीटरवर, पाण्याच्याच पातळीवर उभा असलेला माणूस जेमतेम या १० अंशांत मावतो. ५ मीटरवर उभा राहिला तर त्याचा वरचा अर्धा भाग बाहेर येतो. तिथे तो खाली बसला की पुन्हा मावतो. उंच काठावर किंवा होडीच्या डेकवर उभे असाल तर अंतर आणखी वाढवा.

म्हणजे काठावर पोचल्या पोचल्या थेट पाण्याच्या कडेला जायचं नाही. चार पावलं मागेच थांबा, पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. पाठीमागे झाड किंवा झुडूप असेल तर उत्तम, आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही. सूर्य पाठीमागे असला तर आपल्याला चांगलं दिसतं खरं, पण आपली सावली पाण्यावर पुढे पडते. सावली आधी पोचली की मासा पसार होतो. कपडे मळकट रंगाचे, पावलं हलकी. काठावर जोरात टाकलेलं पाऊल, होडीच्या तळाशी आपटलेली पेटी, हे सगळं पाण्यात पोचतं. पाण्याबाहेरचं बोलणं फारसं पोचत नाही, तेव्हा गप्पा मारायला हरकत नाही.

पहिला गळ पायाजवळच्या पाण्यात टाकायचा आणि मग हळूहळू लांब जायचं. लोक नेमकं उलट करतात. जवळचा मासा बिथरून पळाला की वाटेतल्या इतरांनाही बिथरवतो.

पायरी दुसरी : दोर

रॉड, म्हणजे गळाची काठी, स्पिनिंगचा, साधारण २.१ मीटरचा, मीडियम-लाइट ताकदीचा आणि टोकाला लवचिक. दोर गुंडाळायची रील २५०० आकाराची. यावर फार डोकं खपवू नका. दोराबाबत मात्र चिकित्सा करा, कारण मासा आमिष बघतो तेव्हा दोरही बघतो.

प्रकाश वाकवण्याची पाण्याची क्षमता १.३३ आहे, फ्लोरोकार्बन या प्लास्टिकच्या दोराची सुमारे १.४२, तर नायलॉनच्या साध्या एकेरी दोराची, म्हणजे मोनोची, १.५ च्या वर. फ्लोरोकार्बन पाण्याच्या जवळपास जातो म्हणून पाण्यात कमी चमकतो. अदृश्य मात्र होत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. दुसरा फायदा असा की तो पाण्यापेक्षा बराच जड आहे. तो बुडतो, त्यामुळे खोल पाण्यात दोर आमिषाच्या सोबत खाली जातो. ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला दोर, पाण्यावर तरंगते आणि नितळ पाण्यात स्पष्ट दिसते, पण ती ताणली जात नाही म्हणून हलका चावाही हाताला कळतो.

दोन्हींचा फायदा घ्या. रीलवर १० पौंडांचा ताण पेलणारी ब्रेडेड लाइन भरा, शक्यतो उजळ रंगाची, कारण ती मासा नाही, तुम्ही बघणार आहात. पुढे ६ ते ८ पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा तुकडा, अडीच ते तीन मीटर. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ शिकून घ्या. घरी दिव्याखाली शिका, काठावरच्या वाऱ्यात नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडा फ्लोरोकार्बन घासून तापतो आणि तिथेच कमकुवत होतो, मग मोठा मासा लागला की गाठ पहिली जाते. आमिष आणि लीडर यांच्यामध्ये स्विव्हल (फिरती कडी) किंवा क्लिप लावू नका.

पायरी तिसरी : तीन आमिषं, तीन जोडण्या

दुकानातली भिंत बघून भांबावायला होतं. तीन गोष्टी घ्या, बाकी पुढच्या वर्षी.

पहिली म्हणजे १० ते १३ सेंटीमीटरची जाड, सरळ काडी, जिला स्टिक वर्म म्हणतात. तिच्यात मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे वजन न लावताही ती बुडते. तिच्या बरोबर मध्ये गळ आडवा टोचायचा, की झाली वॅकी रिग (रिग म्हणजे जोडणी). दिसायला हास्यास्पद, पण बुडताना तिची दोन्ही टोकं आपोआप थरथरतात. आपल्याला काहीच करावं लागत नाही, आणि नवख्याच्या हातात देण्यासारखी ही सर्वांत चांगली जोडणी आहे असं मला वाटतं ते याचसाठी. गळ १ किंवा १/० नंबरचा. गळांच्या नंबरांचा घोळ असा की, साधा आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य आलं की आकड्याबरोबर गळ मोठा होतो. मऊ काडी थेट टोचली तर दोन-चार मासे किंवा थोड्या फेकीतच फाटते. मध्ये एक छोटं रबरी कडं चढवा आणि गळ त्या कड्याखालून घाला, काडी बरीच टिकते.

दुसरी म्हणजे ७ सेंटीमीटरच्या आसपासचा आखूड तुकडा, मशरूमच्या आकाराच्या सपाट डोक्याच्या जिगवर, म्हणजे डोक्यालाच वजन असलेल्या गळावर, चढवलेला. ही नेड रिग. वजन २ ते ३ ग्रॅमच ठेवा. काही कंपन्या तरंगणाऱ्या, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पदार्थाची आमिषं बनवतात. त्यातलं घेतलंत तर डोकं तळाशी आणि शेपूट वर, असं ते उभं राहतं. तळाशी तोंड खुपसून खाणाऱ्या छोट्या जीवासारखं. वॅकी उथळ पाण्यासाठी आणि सावलीच्या कडेसाठी, तर नेड दगडी, मोकळ्या तळासाठी.

तिसरी जोडणी ड्रॉपशॉट, ३ मीटरपेक्षा खोल पाण्यासाठी. यात वजन सर्वांत खाली आणि गळ त्याच्या वर ३० ते ४० सेंटीमीटरवर असतो. पालोमार गाठ मारा, शेपटीला लांब दोर सोडा, आणि ती शेपटी गळाच्या डोळ्यातून वरून खाली परत ओवून घ्या, म्हणजे गळ दोरापासून आडवा, टोक वर करून उभा राहतो. टोक खाली आलं तर दोर उलट बाजूने ओवला गेला आहे. १ किंवा २ नंबरच्या गळावर १० सेंटीमीटरचा सडपातळ वर्म नाकातून टोचा. वजन ५ ते ७ ग्रॅम, ६ मीटरच्या पुढे १० ग्रॅम. शिशाच्या वजनांना काही ठिकाणी बंदी आहे. टंगस्टन महाग, पण त्याच वजनाला लहान आणि तळ जास्त स्पष्ट सांगणारं.

दाट पाणवनस्पतीत उघडा गळ लगेच अडकतो. तिथे स्टिक वर्मच टेक्सास पद्धतीने, मानेला बाक असलेल्या ऑफसेट गळावर चढवा, टोक प्लास्टिकमध्ये लपवा आणि वजन लावू नका.

रंगाबद्दल थोडक्यात. लार्जमाउथ बासच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, एक हिरव्या प्रकाशाला आणि एक लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारी. लाल आणि हिरवा त्याला छान वेगळे कळतात, पण झगझगीत पिवळसर-हिरवा आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. नितळ पाण्यासाठी एक भोपळी हिरवा, दुकानात ग्रीन पंपकिन म्हणून मिळतो तो, आणि एक अर्धपारदर्शक धुरकट करडा, एवढं पुरे. पहिला तळाजवळच्या क्रेफिश आणि गोबीसारख्या जिवांसाठी, दुसरा छोट्या माशांसाठी. मोठमोठ्या चमकीचे दाणे असलेली आमिषं कडक उन्हात घरी ठेवा.

पायरी चौथी : फेका, आणि हात बांधून ठेवा

मासा दिसत असेल तर त्याच्या डोक्यावर आमिष टाकायचं नाही. तो ज्या दिशेने जातोय त्या दिशेला दोन-तीन मीटर पुढे आणि त्याच्या पलीकडे टाका, म्हणजे पडण्याचा आवाज लांब होतो आणि आमिष त्याच्या वाटेत आधीच बुडत असतं. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी रीलच्या कडेवर बोट लावून दोर हलकेच रोखला की ते थप्पकन न पडता अलगद उतरतं. हे जमायला वेळ लागतो. जमेपर्यंत जास्त लांब फेका आणि मग ओढून आणा.

आता खरी परीक्षा. वॅकी काडी पडली की दोर थोडा ढिला ठेवा. ताणून धरलात तर काडी सरळ खाली न जाता तुमच्याकडे झोके घेत येते आणि तिची थरथर मरते. पार ढिला सोडलात तर चावा कळत नाही. दोराला हलकीशी झोळ हवी, आणि तुमचे डोळे त्या झोळीवर. पहिल्या फेकीआधी पायाशी एकदा काडी सोडून मनात आकडे मोजा, ती मीटरभर किती आकड्यांत जाते ते कळलं की प्रत्येक फेकीत ती आत्ता कुठे आहे याचा अंदाज येतो. आणि ती तळाला जायच्या आधीच दोर थांबला तर तळ आला नाही, मासा आला आहे.

तळाला टेकल्यावर काही करू नका. मनात दहापर्यंत मोजा. मग वीस. नितळ पाण्यातला बास आमिष खाली पडताना बघतो, मग चालत आल्यासारखा हळूहळू जवळ येतो, आणि ते पडून असतानाच त्याच्यासमोर उभा राहून विचार करतो. नेमक्या त्या वेळी आपण रॉड उचलतो आणि वीतभर प्राणी एकदम दीड मीटर उडी मारतो. असा प्राणी त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. थांबून झालं की रॉडचं टोक वीतभर उचला, पुन्हा सोडा, पुन्हा मोजा. नेड रिग तर निव्वळ तळावरून सरकवत आणा, मध्ये मध्ये थांबवत.

ड्रॉपशॉटमध्ये वजन हलवायचं नसतं, दोर हलवायचा असतो. वजन तळावर टेकवून दोराला किंचित झोळ द्या आणि रॉडच्या टोकाने ती झोळ थरथरवा. वजन जागेवर, आमिष जागेवर नाचतंय, असं दिसायला हवं. चार-पाच थरथरींनंतर पूर्ण थांबा. चावा बहुतेक त्या थांबण्यातच येतो.

मागे येतो पण खात नाही, तेव्हा

हे दृश्य नितळ पाण्याचं खास दुखणं, आणि इथे मासा तुम्हाला फुकट शिकवतो. तो कसा मागे येतोय ते बघा. पंख ताठ, अंग पुढे झुकलेलं, अंतर कमी होत चाललेलं, तर तो जवळजवळ ठरवून बसला आहे. आमिष सरळ तळाला सोडून द्या आणि हलवू नका. तो खाली नाक लावतो, कधी अंग तिरपं करून बघतो. मग दोराला एवढाच झटका द्या की आमिषाचं शेपूट हलेल, आमिष नाही. घाबरून दबून बसलेला जीव शेवटी थरथरला, असं त्याला वाटायला हवं.

पण तो संथपणे, अंतर राखून, नुसता चौकशी करायला आल्यासारखा येत असेल, तर थांबून उपयोग नसतो. उलट आमिष एकदम हातभर पळवा आणि परत सोडून द्या. निसटणारी गोष्ट बघून काही मासे झडप घालतात. हेही नाही झालं तर तिसऱ्यांदा तेच आमिष त्याच्यासमोर नेऊ नका. त्याने ते बघून नाकारलं आहे. दहा-पंधरा मिनिटं दुसरीकडे जा, परत या, आणि येताना लहान आमिष वेगळ्या कोनातून द्या.

काहीच चालत नसेल तर बदल या क्रमाने करा. आधी अंतर वाढवा. मग लीडर ८ वरून ६ पौंडांवर आणा. मग आमिष लहान करा. मग वजन कमी करा, म्हणजे ते सावकाश पडेल. रंगाचा नंबर शेवटचा. आणि वेळेकडे बघा. भरदुपारच्या स्थिर, आरशासारख्या पाण्यात जो मासा तोंड फिरवतो, तोच वाऱ्याने पाणी शहारलं की किंवा ऊन कललं की बेधडक खातो. वारा ज्या काठावर लाटा आणून आदळतो तो काठ निवडा, फेकायला त्रास झाला तरी. थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यानंतरच्या लख्ख, निरभ्र दिवशी मासे आडोशाला चिकटून बसतात. तेव्हा आमिष आडोशाच्या अगदी कुशीत पडायला हवं.

पायरी पाचवी : चावा ओळखणं

बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. शंका आली की तितक्याच चपळाईने थुंकतो. रॉडला जोरदार धक्का बसेल अशी वाट बघत बसलात तर बरेच मासे येऊन गेलेले कळणारही नाहीत. खुणा बारीक असतात. दोराची झोळ टिचकी मारल्यासारखी उडते. दोर कडेला सरकू लागतो. उचलताना नेहमीपेक्षा जड, ओल्या फडक्यासारखं काहीतरी लागतं. कधी अचानक वजनच नाहीसं होतं, कारण मासा आमिष घेऊन तुमच्याकडे येत असतो.

संशय आला की झोळ गुंडाळून घ्या आणि रॉड कडेला एका संथ पण ठाम ओढीत मागे न्या. डोक्यावरून हिसका मारायचा नाही. हे बारीक तारेचे गळ जोराने नाही, ताणाने रुततात, आणि ६ पौंडांचा लीडर हिसक्यात तुटतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला दोर सुटू लागतो तो, आधीच दोराच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवा आणि हाताने ओढून तपासा. टेक्सास रिगला मात्र थोडा जास्त जोर लागतो, कारण गळाला आधी प्लास्टिक भेदायचं असतं.

मासा हातात आल्यावर

हात ओले करा, खालचा ओठ अंगठ्याने धरा. त्याचे दात सॅंडपेपरसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत. मोठा मासा नुसत्या जबड्याला आडवा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. मऊ आमिष मासा जास्त वेळ तोंडात ठेवतो, त्यामुळे ते कधी खोल गिळलं जातं. गळ सहज सुटत नसेल तर खेचाखेच न करता दोर जवळून कापा. ९-१० मीटरपेक्षा खोलातून वर आणलेल्या माशाचा हवेचा फुगा फुगतो आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. सोडून देणार असाल तर इतक्या खोलात मासेमारी करू नका. वसंतात पाणी १५ ते २० अंश सेल्सियसला आलं की नर उथळ तळावर घरटी राखत बसतो. नितळ पाण्यात ती पांढरट वर्तुळं लगेच दिसतात आणि तो नर आमिष हाकलायला तोंडही मारतो. तिथून पुढे जा. तो उचलला गेला की अंडी-पिल्लं खायला इतर मासे टपलेलेच असतात.

फाटलेल्या काड्या पाण्यात टाकू नका, मासे त्या गिळतात आणि त्या पोटात फुगतात. खिशात एक पिशवी ठेवा. नवी आमिषं त्यांच्या मूळ पाकिटातच सरळ ठेवा. वाकडी झालेली काडी पाण्यात फिरकी घेते आणि दोराला पीळ पडतो. तरंगणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या प्रकारची आमिषं साध्या प्लास्टिकच्या आमिषांबरोबर एका डबीत ठेवू नका. दोन्ही विरघळून एकमेकांत चिकटतात, आणि डबीचा तळही कधी कधी सोबत जातो.